कॅन्सर आणि प्रतिकारशक्ती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेली पत्रे वाचताना लक्षात आले, की आजार वेगवेगळे असले तरी निम्म्याहून अधिक पत्रांतील विचारणा एकच आहे : ‘इम्युनिटी’ वाढवली तर कॅन्सर आटोक्यात येतो का? ओपीडीतही रोज हेच विचारले जाते, म्हणून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

सासूबाईंना कॅन्सर आहे. घरात लहान मुले आहेत, तर त्यांचे ताट-वाटी वेगळे ठेवावे का? (सिन्नर)

नाही. कॅन्सर एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. दुसऱ्या माणसाच्या पेशी आपले शरीर परक्या म्हणून ओळखते आणि मारून टाकते. सासूबाईंना सर्वांबरोबर जेवायला बसवा.

आईला आयुष्यात साधा सर्दी-खोकलाही फारसा झाला नाही. इतकी चांगली प्रतिकारशक्ती असताना स्तनाचा कॅन्सर कसा झाला? (गंगापूर रोड)

सर्दीचा विषाणू बाहेरून येतो, तर कॅन्सरची पेशी आपल्याच पेशीत बिघाड होऊन तयार होते, आणि घरच्या माणसाला चोर म्हणून ओळखणे पहारेकऱ्याला नेहमीच अवघड जाते. तरीही शरीर अशा अनेक पेशी वेळीच टिपत असते. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, त्यांच्यात लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) व त्वचेचा कॅन्सर अधिक आढळतो, तो याच कारणाने. उरलेल्या पेशींपैकी काही मात्र निसटायला शिकतात. आपल्या टी-पेशींवर, म्हणजे पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, त्यांना आवरणारे ब्रेक असतात. ते नसते तर या पेशी आपल्याच सांध्यांवर आणि थायरॉइडवर तुटून पडल्या असत्या. काही कॅन्सर पेशी नेमका हाच ब्रेक दाबून धरतात, त्यामुळे पहारेकरी गाठीच्या दारात उभा असूनही आत हात घालत नाही. हे ब्रेक ओळखून ते सोडवण्याची वाट दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा आईच्या खाण्यापिण्यात किंवा तुमच्या सेवेत काही उणे राहिले, असा बोल स्वतःला लावून घेऊ नका.

वडिलांच्या जिभेच्या कडेला दोन महिन्यांपासून जखम आहे, तंबाखू तीस वर्षांची. गुळवेलीचा काढा आणि ओळखीच्या एकाने दिलेली इम्युनिटीची पावडर चालू आहे. द्राक्षबागेची गोडी छाटणी उरकली की दाखवायला आणू का? (निफाड)

छाटणी मजुरांवर सोपवा आणि उद्या सकाळी या. द्राक्षाच्या पानावर डावणी रोगाचा पहिला तेलकट डाग दिसला, की तुम्ही त्याच दिवशी फवारणीला ब्लोअर काढता. वडिलांच्या जिभेने मात्र दोन महिने वाट पाहिली आहे. तोंडातील जी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, तिचा तुकडा काढून तपासलाच पाहिजे (बायोप्सी). ‘लोखंड लागले की गाठ पसरते’ हे चावडीवरचे शास्त्र आहे. बायोप्सीने नव्हे, तर ती टाळल्याने आजार मानेतील गाठींपर्यंत जातो.

आता त्या पावडरीविषयी. प्रतिकारशक्ती ही गच्चीवरची टाकी नाही, की वरून ओतले आणि पातळी वाढली. तिच्यात मारणाऱ्या पेशी असतात तशा आवरणाऱ्या पेशीही असतात, आणि दीर्घकाळ धुमसणारी सूज तर गाठीला उलट पोसते. मग डब्यातील भुकटी यांपैकी नेमके काय वाढवते, हे विकणाऱ्याला एकदा विचारून पाहा. माझ्या टेबलावर रुग्ण असे डबे मांडतात, तेव्हा मी चष्मा लावून लेबल वाचतो. त्यावर ‘कॅन्सर’ हा शब्द कधीच नसतो, कारण कॅन्सर बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा ठरते. छापील मजकूर ‘पेशींचे आरोग्य’ एवढाच. बाकीचे तोंडी सांगितले जाते. ‘सरकारमान्य’ म्हणून दाखवला जाणारा चौदा आकडी क्रमांक हा अन्नपदार्थ विकण्याचा परवाना असतो आणि तसा तो फरसाणाच्या पुड्यावरही असतो. गुळवेलही निरुपद्रवी समजू नका. कोविडच्या काळात मुंबईतील डॉक्टरांनी तिच्या सेवनानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले, आणि त्यांत प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती. यकृताचे आकडे बिघडले की आम्हाला केमो पुढे ढकलावी लागते. काढा आणि पावडर दोन्ही थांबवा, डबा सोबत आणा आणि वडिलांना कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा कॅन्सर सर्जनना दाखवा.

केमोनंतर दहाव्या दिवशी पत्नीला रात्री ताप आला. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबलो. योग्य केले का? (इंदिरानगर)

नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, आणि त्या वेळी जंतुसंसर्गाची एकमेव खूण ताप हीच असू शकते. पॅरासिटामॉल तीच खूण पुसून टाकते. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर टिकला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे, केमोची फाइल दाखवावी आणि रक्ताची तपासणी मागावी. शिरेतून द्यायचे प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हायला हवे. पुढच्या केमोआधी हा प्रसंग आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगा.

इम्युनोथेरपीचे साइड इफेक्ट नसतात असे ऐकले. भावाला तोंडाचा कॅन्सर पसरला आहे. घर विकून ती करावी का? (सातपूर)

इम्युनोथेरपीची ही औषधे म्हणजे टी-पेशींवरचा ब्रेक सोडवणारी औषधे. ज्यांनी तुम्हाला हे सांगितले, त्यांनी ब्रेक सोडलेली गाडी पाहिलेली नाही. केस जात नाहीत हे बहुतांशी खरे. परंतु टी-पेशी मोकळ्या सुटल्या की आतडे, फुप्फुस, यकृत, थायरॉइड यांपैकी कशालाही सूज आणू शकतात आणि मग स्टिरॉइडने त्यांना पुन्हा आवरावे लागते. शिवाय ती सर्वांना लागू पडत नाही. गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल-१ (ब्रेक दाबणारे प्रथिन) यांसारख्या तपासण्या करून अंदाज घ्यावा लागतो.

घर विकण्यापूर्वी मात्र एक गोष्ट समजून घ्या. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यातील कॅन्सरमध्ये नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध तोंडावाटे घ्यायच्या औषधांना जोडून दिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभराने हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. भावाला हे लागू आहे की नाही, हे त्याचे कागद पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये. पण मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरवर औषधोपचार करणाऱ्या तज्ज्ञांना) हा प्रश्न अवश्य विचारा.

अकरा वर्षांच्या मुलीला एचपीव्हीची लस द्यावी का? (ओझर)

द्यावी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू शरीरात शिरण्याआधीच ती दिलेली बरी. नऊ ते चौदा या वयात दोन मात्रा पुरतात आणि पुण्यात तयार झालेली लसही उपलब्ध आहे. वेळापत्रक बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा.

मुंबईत कार-टी उपचार निघाले आहेत. काकांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरला चालतील का? (नाशिकरोड)

सध्या नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या या उपचारात रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून त्यांना नवे लक्ष्य शिकवतात आणि परत सोडतात. परंतु ते लक्ष्य बी-पेशींवर (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) असते, म्हणून उपयोग काही रक्ताच्या कॅन्सरांपुरता, तोही आधीचे उपचार अपुरे पडल्यावर. काकांसाठी दुसरे मत जरूर घ्या. मात्र पंचवटी एक्सप्रेसने जाण्यापूर्वी येथील पॅथॉलॉजीतून बायोप्सीचे मेणातील ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. निव्वळ रिपोर्टची झेरॉक्स घेऊन गेलेले लोक ब्लॉक-स्लाइडसाठी दुसऱ्या आठवड्यात परत आलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.