हाड भरायचंय? आधी मिश्री सोडा

ताई, दाढ काढून बरीच वर्षं गेली की तिथलं हाड झिजतं. माझंही झिजलं होतं. इम्प्लांटचा, म्हणजे पक्क्या बसवायच्या कृत्रिम दाताचा, स्क्रू रुतायला हाड हवं, म्हणून आधी ग्राफ्ट, म्हणजे तिथे हाडाचे कण भरणं. साध्या एक्स-रेत हाडाची रुंदी कळत नाही, सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) कराच.

मिश्री लावत असाल तर आजच बंद करा. आपल्या सांगलीकडे घरोघरी बायका लावतात, पण त्यातल्या तंबाखूने जखम नीट भरत नाही, ग्राफ्ट वाया जाऊ शकतो. रक्तातली साखरही तपासा. हाडं ठिसूळ झाल्याचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

ग्राफ्ट झाल्यावर पहिल्या दिवशी जोरात चूळ नको. भाकरी दुधात कुस्करून दुसऱ्या बाजूने खा. ग्राफ्टचा एखाद-दुसरा कण तोंडात आला तर घाबरू नका, मलाही आला होता. पुढे इम्प्लांटसाठी साधारण ४ ते ६ महिने थांबावं लागतं.