आतल्या ऑब्जेक्टमधील गेटरला बाहेरची रक्कम का सापडत नाही?

लातूरच्या मोंढ्यातील आडत दुकानासाठी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत हिशोबपट्टी तयार करताना आपण ‘पट्टी’ या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नावे आणि त्यांच्या किमती एकत्र ठेवणाऱ्या संचात, ‘माल’ आणि ‘हिशोब’ असे दोन ऑब्जेक्ट ठेवले आहेत. ‘माल’मध्ये वजन, भाव आणि त्यांचा गुणाकार देणारा ‘रक्कम’ हा गेटर, म्हणजे वाचताना दरवेळी चालून किंमत काढून देणारे फंक्शन, आहे, तो बरोबर चालतो. परंतु ‘हिशोब’मधील ‘निव्वळ’ या गेटरमधून धिस.माल.रक्कम वाचताना चूक येते, असे आपण लिहिले आहे. नावे देवनागरीत ठेवल्यामुळे हे घडते का, ही आपली शंका मात्र मनातून काढून टाकावी. जावास्क्रिप्टला अशी नावे चालतात.

पट्टी.हिशोब.निव्वळ असे वाचले की गेटरमधील ‘धिस’ म्हणजे शेवटच्या टिंबाच्या डावीकडचा ऑब्जेक्ट, म्हणजेच ‘हिशोब’. त्याच्यात ‘माल’ नाही, म्हणून धिस.माल अनडिफाइन्ड (म्हणजे किंमतच नाही) येते आणि त्यापुढे ‘रक्कम’ मागताच टाइपएरर मिळतो. आतल्या ऑब्जेक्टपासून बाहेरच्याकडे जाणारा दुवा ही भाषा आपोआप ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण एकच ऑब्जेक्ट एकाच वेळी अनेक ठिकाणी ठेवता येतो. मग त्यातील नेमका बाहेरचा कोणता मानायचा?

माझ्या मते ‘निव्वळ’ची जागाच बदलावी. ज्या किमतीसाठी माल आणि कपात दोन्ही लागतात, ती त्या दोघांना सामावणाऱ्या ऑब्जेक्टची किंमत असते. गेटर थेट ‘पट्टी’वर लिहिला की धिस.माल.रक्कम उणे धिस.हिशोब.कपात एवढेच पुरते. समजा वजन 12.40 क्विंटल, भाव 4,600 रुपये आणि हमाली-तोलाई मिळून कपात 372 रुपये आहे. तर रक्कम 57,040 आणि निव्वळ 56,668 येते. वजन दुरुस्त करून 12.90 केले की पुढच्या वाचनात निव्वळ 58,968 मिळते, वेगळे काही करावे लागत नाही.

रचना बदलणे शक्यच नसेल, तर ‘धिस’ऐवजी बाहेरच्या ऑब्जेक्टचे नाव वापरता येते. गेटर वाचनाच्या वेळी चालतो, तोवर ‘पट्टी’ पूर्ण तयार झालेली असते, त्यामुळे पट्टी.माल.रक्कम बिनदिक्कत सापडते. मात्र दुकानात दिवसभर अनेक पट्ट्या फाडल्या जातात, म्हणून ऑब्जेक्ट एका फंक्शनच्या आत तयार करून परत द्यावा. प्रत्येक वेळी नवी ‘पट्टी’ बनते आणि तिचा गेटर तिलाच धरून राहतो. ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टी वापरून गेटर नंतरही जोडता येतो, पण तेथे ॲरो फंक्शन (=> या चिन्हाने लिहिलेले फंक्शन) देऊ नये, कारण त्याला स्वतःचा ‘धिस’ नसतो. शिवाय ‘एन्युमरेबल’ (गुण यादीत मोजला जावा की नाही, ही खूण) स्पष्टपणे ट्रू केले नाही, तर तो गुण ऑब्जेक्टचा मजकूर बनवणाऱ्या जेसन.स्ट्रिंगिफायच्या निकालात येतच नाही.

आपल्या प्रश्नात न आलेली, पण पैशांच्या कामात फार महत्त्वाची बाब म्हणजे नक्कल. तीन टिंबांचा स्प्रेड किंवा ऑब्जेक्ट.असाइन वापरून ‘पट्टी’ची नक्कल केली की गेटर नकलेत जात नाही, त्या क्षणी आलेली किंमत साधा आकडा म्हणून उतरते. त्यातही आतला ‘माल’ दोघांत सामाईकच राहतो. म्हणजे नकलेतून वजन बदलले, तर मूळ पट्टीचे निव्वळ बदलते आणि नकलेत जुनाच आकडा दिसत राहतो. यासाठी नक्कल न करता वर सांगितलेल्या फंक्शनकडूनच नवी पट्टी बनवून घ्यावी.

शेतकऱ्याच्या हाती पट्टी दिल्यानंतर मात्र निव्वळ रक्कम गेटरवर ठेवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. देण्याच्या क्षणी वजन, भाव, कपात आणि निव्वळ हे चारही आकडे साध्या किमती म्हणून साठवावेत. पुढे हमालीचे दर बदलले, तरी त्याच्याजवळच्या कागदावरचा आणि दुकानातील नोंदीचा आकडा एकच राहिला पाहिजे.