बुडबुडे वाढायचे का थांबतात?

प्रश्न: हायड्रिला या पाणवनस्पतीच्या प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात (बुडबुडे म्हणजे तिनं सोडलेला ऑक्सिजन) दिवा जवळ जवळ नेला तर आधी बुडबुडे वाढले, मग वाढायचेच थांबले, असं का?

उत्तर: कारण आता लाइट भरपूर आहे, कमी पडतोय तो कार्बन डायऑक्साइड. जे सगळ्यात कमी, तेच प्रकाशसंश्लेषणाचा वेग अडवून धरतं, हे ब्लॅकमन या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1905 मध्येच मांडलंय. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, त्यातून कार्बन डायऑक्साइड मिळतो, मग बुडबुडे बहुतेक परत वाढतील. दिव्यानं पाणीही तापतं, मग नेमकं कशामुळे वाढलं ते कळत नाही, म्हणून दिवा आणि वनस्पतीच्या मध्ये पाण्यानं भरलेलं काचेचं भांडं ठेवा आणि दिवा हलवल्यावर पाचेक मिनिटं थांबूनच मोजा. आणि खरं सांगू का, बुडबुडे लहानमोठे असतात, त्यामुळे नुसते मोजण्यापेक्षा खुणा केलेल्या नळीत गॅस जमवून दर मिनिटाला किती जमला ते बघणं कधीही बरं.