मॅन्टेल घेण्याआधी टेप हातात घ्या

नव्या घराचं मनापासून अभिनंदन! तिथल्या फायरप्लेसला (भिंतीतल्या शेकोटीला) मॅन्टेल, म्हणजे तिच्या तोंडावरची लाकडी फळी, बसवणार आहात ना? न्यू जर्सीतल्या आमच्या घरातला पहिला मॅन्टेल मला एका हिवाळ्यात उतरवावा लागला, म्हणून कळकळीने सांगते.

दुकानात जाण्याआधी फायरप्लेसच्या तोंडाची मापं घ्या. लाकूड जाळायची विटांची फायरप्लेस असेल तर इथला सर्वसाधारण नियम असा: तोंडापासून 6 इंचांच्या आत लाकूड अजिबात नको. 6 ते 12 इंचांच्या पट्ट्यात दर इंच अंतरामागे लाकूड भिंतीपासून फक्त एक अष्टमांश इंच पुढे आलेलं चालतं. म्हणजे 12 इंचांवर जेमतेम दीड इंच! आमची ओकची फळी तोंडापासून 9 इंचांवर होती आणि चांगली 8 इंच पुढे आलेली. जानेवारीपर्यंत खालच्या कडेचं पॉलिश काळपट पडून त्याला फोड आले, बोट लावलं की चटका बसायचा. गॅसची असेल तर मात्र तिच्या मॅन्युअलमधलेच आकडे पाळा, ते मॉडेलप्रमाणे बदलतात. शिवाय तुमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे स्थानिक पालिकेत, एकदा विचारून घ्याच.

आकार ठरवायला खोक्याचा पुठ्ठा कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन-तीन दिवस सोफ्यावरून बघत राहा. कॅटलॉगात देखणा दिसणारा मॅन्टेल कमी उंचीच्या खोलीत अंगावर येतो. मला विचाराल तर साधी, सरळ फळीच घ्या.

बसवताना स्क्रू ड्रायवॉलमध्ये (भिंतीच्या वरच्या जिप्सम बोर्डमध्ये) नाही, आतल्या स्टडमध्येच (भिंतीच्या सांगाड्यातल्या उभ्या खांबांमध्येच) जायला हवेत. आणि दिवाळीत झेंडूचं तोरण लावलंत, तर त्या दिवशी आग पेटवू नका.