पंधरा वर्षांचं लायसन्स, पण मोजायचं कुठून?

लेस्टरच्या ताई, तुमची पोस्ट काल झोपायच्या आधी वाचली आणि मग झोपेचं खोबरं झालं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्केगनेसजवळच्या हॉलिडे पार्कवरची आठ वर्षं जुनी स्टॅटिक (एका जागी ठेवलेलं, सुट्टीत राहायचं कॅरॅव्हॅन-घर), दोन बेडरूम, किंमत २२ हजार पौंड, "पंधरा वर्षांचं लायसन्स आहे" (म्हणजे पार्कच्या जागेवर ती ठेवायची परवानगी) असं सेल्स ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, मुलं लहान, आणि उन्हाळ्यात पुण्याहून सासू-सासरे आले की त्यांचीही सोय होईल, तर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. आकडे थोडे इकडचे तिकडे केले तर ही माझी २०१६ सालची गोष्ट आहे. तुम्ही रविवारपर्यंत डिपॉझिट भरणार म्हणताय, म्हणून सकाळी उठून आधी हे लिहायला बसलो.

मी वकील नाही, अकाउंटंट नाही. अनुभव एका पार्कचा, तोही इंग्लंडमधला. पार्कचं आणि गावाचं नाव घेणार नाही, पूर्व किनारा एवढं पुरे. सगळे पार्क असेच असतात असंही माझं म्हणणं नाही. आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची नॉर्थ वेल्समध्ये स्टॅटिक आहे आणि तो दहा वर्षं सुखात आहे. साइट फी (जागेचं भाडं) दरवर्षी वाढते, जानेवारी-फेब्रुवारीत पार्क बंद असतो, तिथे कायमचं राहता येत नाही, हे तुम्हाला माहीत असणारच. ते सोडून देतो.

मुद्दा त्या पंधरा वर्षांचा आहे.

मी मार्च २०१६ मध्ये २१,५०० पौंडांना व्हॅन, म्हणजे अशीच स्टॅटिक, घेतली. ती २००७ ची होती. सेल्समन मोठा गोड माणूस, बायकोला चहा, मुलांना चॉकलेट. "फिफ्टीन इयर्स लायसन्स," तो म्हणाला. मी मनात हिशेब केला, २०१६ अधिक १५, म्हणजे २०३१. तोपर्यंत धाकटी कॉलेजात जाईल, मग विकून टाकू. करार चौदा पानांचा होता. पहिली दोन आणि सहीचं पान वाचलं. नवव्या पानावर एक वाक्य होतं की व्हॅन तिच्या निर्मितीच्या वर्षापासून पंधरा वर्षांची झाली की त्या सीझनच्या शेवटी ती पिचवरून (पार्कमधल्या तिच्या जागेवरून) हलवावी लागेल. निर्मितीच्या वर्षापासून. म्हणजे २०२२. मी पंधरा वर्षांचे पैसे दिले असं समजत होतो, मिळाले सात सीझन, आणि त्यातला एक कोव्हिडने अर्धा खाल्ला.

हे मला कळलं ऑक्टोबर २०२१ मध्ये, घरी पत्र आलं तेव्हा. 'पुढचा सीझन आपल्या व्हॅनचा शेवटचा, नवीन मॉडेल्स पाहण्यासाठी आपलं स्वागत आहे.' पत्राच्या मागच्या बाजूला रंगीत फोटो. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, कोव्हिडमुळे परदेशी जाणं अवघड म्हणून, सेकंडहँड स्टॅटिकचे भाव आभाळाला भिडले होते. शेजारच्या पिचवाल्याने आपली विकली, तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "एवढ्यात का विकतोस?" तो नुसता हसला. त्याने नववं पान वाचलं असणार.

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार का नाही केली? केली की. आणि इथेच माझा सगळ्यात जास्त जीव गेला, पैशांपेक्षाही जास्त.

पहिला फोन केला स्थानिक कौन्सिलच्या ज्या विभागाकडे कॅरॅव्हॅन साइट्सची लायसन्सं असतात तिथे. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, आम्ही दोन व्हॅनमधलं अंतर, आग विझवायची साधनं, सांडपाणी एवढंच बघतो, तुमचा पार्कशी झालेला करार ही खाजगी बाब. त्याने एका हेल्पलाइनचा नंबर दिला. तिथे चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एका मुलीने सगळं टिपून घेतलं, नंबर दिला, माहिती पुढे पाठवते म्हणाली. ज्यांच्याकडे पाठवली त्यांचं तीन आठवड्यांनी उत्तर आलं की वैयक्तिक प्रकरणं आम्ही हातात घेत नाही, आधी पार्ककडे लेखी तक्रार करा आणि आठ आठवडे थांबा. थांबलो, शहाण्या मुलासारखा. तेवढ्यात ख्रिसमस, मग जानेवारी-फेब्रुवारी पार्कचं ऑफिसच बंद. मार्चच्या शेवटी उत्तर आलं. दोन ओळींचं. 'कृपया करारातील कलम पाहावे.'

मे महिन्यात एका सॉलिसिटरने (वकिलाने) अर्धा तास फुकट दिला. त्याने कागद पाहिले, पहिल्या पानावरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?" इंग्लंडमध्ये कराराबद्दलचा दावा साधारण सहा वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. माझी सहा वर्षं मार्च २०२२ मध्ये भरली, नेमकी मी आठ आठवडे थांबून उत्तराची वाट पाहत होतो तेव्हा. ऑक्टोबरपासून मी चार जणांशी बोललो होतो, त्यातल्या एकानेही "तुमच्या सहीची तारीख काय?" एवढं विचारलं नाही. मी जिंकलो असतो असं नाही, तोंडी शब्द सिद्ध कसा करणार? पण १०,००० पौंडांपर्यंतच्या दाव्याला स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे कोर्टातल्या छोट्या दाव्यांचा, मार्ग असतो, निदान खटखटवायला एक दार होतं. अजूनही त्या हेल्पलाइनचं संगीत कुठे वाजलं तर चॅनल बदलतो.

तेव्हा सेल्स ऑफिसला एकच प्रश्न ईमेलने विचारा, उत्तरही ईमेलनेच मागा. 'ही व्हॅन या पिचवरून शेवटी कुठल्या तारखेला काढावी लागेल? दिवस, महिना, वर्ष.' "साधारण", "सहसा", "अजून बरीच वर्षं" असलं उत्तर आलं तर समजून जा. फोनवर सांगतो म्हणाले तर नम्रपणे म्हणा, लिहूनच द्या. आणि व्हॅनचं वर्ष त्यांच्या तोंडून घेऊ नका, सीरियल नंबर मागून कारखान्याकडून खात्री करा. बहुतेक स्टॅटिक हल आणि बेव्हर्लीच्या आसपास बनतात, कारखाने विचारलं तर सांगतात. तुमची आठ वर्षांची असेल आणि नियम माझ्यासारखाच असेल तर तुम्ही २२ हजारांत सात वर्षं विकत घेताय.

वर एकाने तुम्हाला लिहिलंय की 'कायद्याने ते तुम्हाला काढू शकत नाहीत'. त्यांचा हेतू चांगला आहे, पण गल्लत झाली आहे. १९८३ चा मोबाइल होम्स ॲक्ट आहे तो बारा महिने राहायच्या पार्क होम्ससाठी. हॉलिडे स्टॅटिकला ते कवच नाही. आपल्याकडचं 'लीव्ह अँड लायसन्स' आठवा. पुण्यात फ्लॅट अकरा महिन्यांनी देताना मालक 'भाडेकरू' शब्द का टाळतो? तसंच हे. खोकं तुमचं, खालची जमीन त्यांची, आणि तिथे खोकं ठेवायची नुसती परवानगी.

"मग दुसऱ्या पार्कवर न्या ना व्हॅन," असं मलाही लोक म्हणाले. विचारून पाहा. जुनी व्हॅन बाहेरून आत घ्यायला पार्क सहसा तयार नसतात, कारण त्यांचा धंदा पिचवर आपली नवी व्हॅन विकण्याचा. शिवाय लो-लोडर ट्रक, गॅस-वीज तोडणी-जोडणी, सगळं तुमच्या खर्चाने. मित्राच्या शेतात ठेवू म्हटलं तर प्लॅनिंगची (जमीन-वापराची) परवानगी लागते. शेवटी पार्कलाच दिली, १,२०० पौंडांना. दोन वर्षांपूर्वी ३,२०० घालून केलेलं डेकिंग (व्हॅनपुढचा लाकडी ओटा) तिथेच राहिलं. (डेकिंगही त्यांच्याच माणसाकडून करायची सक्ती होती. हेही आधी विचारा.) मुदतीच्या आत खाजगीरीत्या विकता येते, पण पार्क कमिशन घेतो. आमच्याकडे १५ टक्के अधिक व्हॅट होतं, म्हणजे धरून चाला १८. आणि तुम्ही आणलेलं गिऱ्हाईक त्यांना पसंत पडलं पाहिजे.

हिशेब मांडतो, कारण बायको म्हणते तू नुसता कुरकुरतोस. व्हॅन २१,५००. सात वर्षांची साइट फी, ३,६०० पासून ४,६०० पर्यंत चढत गेली, मिळून २८,५००. इन्शुरन्स, गॅस, वीज ६,३००. डेकिंग ३,२००. परत आले १,२००. एकूण ५८,३००. मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रात्रीला फुली मारली होती, त्या ३३० भरल्या. रात्रीला साधारण १७७ पौंड. एवढ्यात दुसऱ्याची स्टॅटिक भाड्याने घेऊन उरलेल्या पैशांत मासे खाल्ले असते. भाड्याने देऊन पैसे सुटतात हे सेल्सवाले रंगवून सांगतात. गॅसची दरवर्षी तपासणी, साफसफाई, पार्कचा वाटा काढून किती उरतं ते त्यांच्याकडून कागदावर घ्या. शिवाय फर्निश्ड हॉलिडे लेटिंगची (फर्निचरसह सुट्टीचं घर भाड्याने देण्याची) वेगळी करसवलत एप्रिल २०२५ पासून गेली, तेव्हा कुणी जुना तक्ता दाखवत असेल तर सावध. आणि यावर होम लोन मिळत नाही. त्यांच्या ऑफिसातलं फायनान्स घेणार असाल तर व्याजाचा दर बघून घ्या, मी बघून उठलो होतो.

आता हे सगळं वाचून वाटेल की सात वर्षं रडण्यातच गेली. तसं नाही. शुक्रवारी साडेपाचला ऑफिस सुटलं की डबा घेऊन ए१७ रस्त्याला लागायचं, ट्रॅक्टरच्या मागे अडकायचं, साडेआठला पोचायचं, हीटर लावायचा आणि मऊभात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजवर. मुलं सकाळी पायात चपला न घालता बाहेर पळायची आणि जेवायलाच परत यायची. डर्बीच्या आमच्या टेरेस्ड घरात हे कुठून आणणार? नोव्हेंबरात डोना नूकच्या किनाऱ्यावर ग्रे सील पिल्लं घालतात, कुंपणापलीकडे हातभर अंतरावर पांढरी पिल्लं पडलेली असतात. ती आम्ही चारदा पाहिली. स्केगनेसजवळच्या जिब्राल्टर पॉइंटला पक्षी. हॉटेलात सामान बांधा-सोडा करावं लागतं ते नाही, आपली उशी, आपला कुकर. हे पैशांत धरता येत नाही हे मलाही कळतं. मला राग त्या दिवसांचा नाही, न वाचलेल्या पानाचा आहे.

सासू-सासऱ्यांबद्दल. आईला मी मोठ्या हौसेने तीन आठवडे ठेवलं. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "इथे माणसं कुठे असतात रे?" सोमवार ते गुरुवार पार्क ओस. बस तासाने, दुकानात कोथिंबीर नाही, आणि फोडणी दिली की स्मोक अलार्म. (अलार्म काढून ठेवू नका. तडका देताना दार-खिडकी उघडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच.) पुण्याच्या माणसाला जुलैतही ती व्हॅन रात्री गार लागते. शिवाय व्हिसावर सहा महिने आले म्हणून सहा महिने तिथे ठेवता येईल असं धरू नका, पार्क हॉलिडेसाठी आहे आणि सलग किती दिवस चालतं ते करारात असतं. आठवडाभर, तुम्ही सोबत असाल तर, छान.

घेतलीच तर काही बारीकसारीक. थंडीत पाणी उतरवणं, म्हणजे ड्रेन डाऊन, स्वतः शिकू नका, पहिल्या वर्षी पैसे देऊन करून घ्या आणि बघा. आमच्या शेजाऱ्याचा पाइप फुटून कार्पेटचा चिखल झाला होता, आणि ड्रेन डाऊनची पावती नाही म्हणून इन्शुरन्सने हात वर केले. गाद्या भिंतीपासून लांब उभ्या करा, कपाटं उघडी ठेवा. खाण्याचं काहीही मागे ठेवू नका, भाजणीचा डबासुद्धा. उंदरांनी आमचा प्लास्टिकचा डबा कुरतडून तो साफ केला होता. गॅस प्रोपेनच घ्या, ब्यूटेन गारठ्यात पेटत नाही. वीज पार्क पुनर्विक्री करत असेल तर ऑफजेमच्या (वीज-गॅसच्या सरकारी नियामकाच्या) नियमाने त्यांना पडते त्यापेक्षा जास्त दर लावता येत नाही, बिल मागायचा तुम्हाला हक्क आहे. टीव्ही लायसन्स वेगळं लागत नाही, घरी आणि तिथे एकाच वेळी टीव्ही लावत नसाल तर. टीव्ही लायसन्सवाल्यांचा एक फॉर्म असतो, तेवढा भरा. पोस्टकोड टाकून सरकारी नकाशावर पुराचा धोकाही बघा. डिसेंबर २०१३ मध्ये या किनाऱ्यावर समुद्र आत आला होता.

माझं मत विचाराल तर, आणि हे फक्त मत आहे, तुम्ही विचारलंत म्हणून, या वर्षी त्याच पार्कवर तशीच व्हॅन भाड्याने घ्या, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमधल्या पावसात. ऑक्टोबरनंतरही मुलं "परत कधी?" विचारत असतील तर घ्या. सीझन संपायच्या सुमाराला भावही उतरतात. "ही ऑफर रविवारपर्यंतच" हे मलाही सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात तीच ऑफर नव्या रविवारपर्यंत होती.

करार आधी मागा, घरी आणून वाचायला. द्यायला कां-कूं केली तर पुढचं बोलूच नका. मिळाला तर नाव, पिच नंबर झाकून ज्या पानावर व्हॅनच्या वयाचा उल्लेख आहे त्याचा फोटो इथे टाका. आज संध्याकाळी सातनंतर मी बघतो.