पाण्याखाली दात आवळले की जबडा दुखतो

प्रश्न : तारकर्लीला स्कूबाचा कोर्स केला. दुसऱ्या दिवसापासून उजव्या कानापुढे ठणकतंय, भाकरी चावताना कट्‌ असा आवाज येतो. दाबाने कान दुखावला असेल का? पुढच्या महिन्यात कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर डायव्हिंगला जायचं आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : कानापेक्षा जबड्याच्या सांध्याचीच शक्यता जास्त वाटते. दाबाने दुखावलेला कान बहुधा खाली उतरतानाच ठणकू लागतो, नंतर दडे बसतात. सांध्याचं दुखणं चावताना, जांभई देताना वाढतं. कानाच्या छिद्राच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. तिथेच दुखलं आणि बोटाला कट्‌ जाणवलं, तर बहुतेक सांधाच.

माउथपीस म्हणजे श्वास घेण्यासाठी तोंडात धरायचा रबरी तुकडा. त्याच्या दातांत धरायच्या पट्ट्या आखूड असतात, सुळे आणि उपदाढांपुरत्याच. त्या धरताना खालचा जबडा पुढे येतो आणि मागच्या दाढा अधांतरी राहतात. त्यात प्रवाह, थंडी किंवा नवखेपणाची धास्ती असली की चाळीसेक मिनिटं दात आवळलेलेच. माउथपीस ज्याला लावलेला असतो, त्या रेग्युलेटरला (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) हवेची नळी उजव्या खांद्यावरून येते. ती आखूड असेल तर डावीकडे मान वळवली की रेग्युलेटर ओढला जातो, आणि आपण आणखी चावतो.

खरं तर माउथपीस ओठांनी धरायचा. दात पट्ट्यांवर नुसते टेकवायचे. ही सवय उथळ पाण्यातच लावून घ्या.

रेग्युलेटर भाड्याचा चालेल, माउथपीस मात्र स्वतःचा घ्या : मऊ सिलिकॉनचा, दाढांपर्यंत पट्ट्या असलेला, किंवा गरम पाण्यात मऊ करून आपल्या चाव्याला बेतता येणारा. तो सेंटरच्या माणसाकडूनच बसवून घ्या. माउथपीस रेग्युलेटरला आवळून धरणारा जुना झिप टाय (प्लॅस्टिकची पट्टी) कापायचा, माउथपीस खाचेत पूर्ण सरकवायचा, नवा टाय घट्ट ओढून शेपूट मुळाशी छाटायचं. टोक राहिलं तर ओठ कापतो. शेवटी जोराने ओढून बघा. टाय सुटला तर पाण्याखाली माउथपीस दातांत राहतो आणि रेग्युलेटर निसटतो.

सध्या दोन आठवडे मऊ जेवा. चिक्की, च्युइंगम बंद. दिवसातून २-३ वेळा १०-१५ मिनिटं गरम शेक घ्या. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.

तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील किंवा जबडा मध्येच अडकत असेल, तर नेत्राणी पुढे ढकला आणि दंतवैद्यांना दाखवा. अडकलेल्या जबड्याने रेग्युलेटर धरणं धोक्याचं आहे. आणि ऐकू कमी येत असेल, चक्कर येत असेल किंवा कानात आवाज होत असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.