काउंटरमागची नोकरी आणि पुढची पायरी

बर्गर, पिझ्झा किंवा तळलेल्या चिकनच्या साखळी रेस्टॉरंटमध्ये काम करणाऱ्या तरुणांची आणि त्यांच्या पालकांची पत्रे या सदराकडे सातत्याने येत असतात, म्हणून या अंकात केवळ त्यांचेच प्रश्न घेतले आहेत. उत्तरे देणाऱ्या आमच्या सल्लागार अशा रेस्टॉरंटमध्ये क्रू (स्वयंपाकघरात व काउंटरवर काम करणारे कर्मचारी), शिफ्ट मॅनेजर (एका पाळीचा प्रमुख) आणि पुढे प्रशिक्षक म्हणून अनेक वर्षे काम केलेल्या आहेत.

प्रश्न : माझे वय २२ आहे. नाशिकमधील एका बर्गरच्या रेस्टॉरंटमध्ये मी दोन वर्षांपासून क्रू म्हणून काम करतो. ग्रिलवर माझ्याइतका वेगवान कोणीही नाही, हे मॅनेजरही मान्य करतात. तरीही माझ्यानंतर रुजू झालेल्या एका मुलीला क्रू ट्रेनर, म्हणजे नव्या मुलांना काम शिकवणारी, करण्यात आले. हा पक्षपात नाही का? मी काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पक्षपात होतच नाही, असे मी म्हणणार नाही, पण तुमच्या पत्रातूनच मला दुसरे एक कारण दिसते. ग्रिलवरचा सर्वांत वेगवान माणूस मॅनेजरला रविवारी संध्याकाळी ग्रिलवरच हवा असतो. तुम्ही तिथून हललात तर गर्दीच्या वेळी ऑर्डरी तुंबतात, त्यामुळे तुमचे कौतुक होत राहते आणि तुमची जागाही तीच राहते. एका स्टेशनवरील (ग्रिल, काउंटर अशा कामाच्या ठरलेल्या जागेवरील) प्रावीण्य हा क्रूचा गुण आहे, तर ट्रेनरकडून आणि पुढे शिफ्ट मॅनेजरकडून अपेक्षित असलेला गुण असा की, त्याच्या उपस्थितीत इतर चार जणांचे काम सुधारते. बढती देणारा माणूस मनात एकच प्रश्न विचारत असतो : मी तासभर बँकेत गेलो, तर रेस्टॉरंट याच्या हवाली करून जाता येईल का?

म्हणून पहिली गोष्ट अशी की, तुम्ही अजून कोणत्या स्टेशनांवर अधिकृतपणे तयार झालेला नाही, ते आपल्या प्रशिक्षण नोंदीत पाहा. बहुतेक साखळ्यांमध्ये फ्रायर, असेंब्ली (पदार्थ जुळवून तयार करणे), काउंटर, लॉबी (ग्राहकांची बसण्याची जागा), माल उतरवून घेणे अशा प्रत्येक कामासाठी तपासणीची यादी असते आणि ती पूर्ण झाल्याची सही लागते. काम येत असूनही ही सही नसलेली पुष्कळ मुले मी पाहिली आहेत. काउंटर टाळणारी तर त्याहून जास्त, कारण तिथे रागावलेल्या ग्राहकाशी बोलावे लागते आणि रोख रकमेचा हिशेब द्यावा लागतो. नेमक्या याच दोन गोष्टी शिफ्ट मॅनेजरला रोज कराव्या लागतात. पुढच्या महिन्याचे रोस्टर (कोणी कधी कुठे काम करायचे याचे वेळापत्रक) लावताना मला आठवड्यातून दोन शिफ्ट काउंटरवर द्या, अशी मागणी स्पष्ट शब्दांत करा.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. नव्या मुलाला “असे कर” म्हणून सांगणारे अनेक असतात. “असे का” ते सांगणारा ट्रेनर होतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात अन्नातील जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून थंड माल ५ अंशांच्या खाली आणि गरम माल ६० अंशांच्या वर ठेवायचा असतो. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या घटकांचे) प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले तर ते तेल वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली आहे, म्हणून तेलाची रोज तपासणी होते. शाकाहारी पदार्थांची भांडी, चिमटे आणि जागा वेगळी ठेवणे ही आपल्याकडच्या ग्राहकाच्या श्रद्धेशी जोडलेली बाब आहे आणि तिथे झालेली एक चूक संपूर्ण शाखेची पत घालवू शकते. हे कारणासह समजलेला मुलगा मॅनेजरची पाठ वळल्यावरही नियम पाळतो. याच प्राधिकरणाच्या ‘फॉसटॅक’ या योजनेत अन्न सुरक्षा पर्यवेक्षकाचे प्रशिक्षण मिळते आणि अन्न हाताळणाऱ्या दर २५ जणांमागे असा किमान एक प्रशिक्षित माणूस अपेक्षित असतो. तुमच्या शाखेतून पुढच्या वेळी कोणाचे नाव पाठवायचे हे विचारले जाईल, तेव्हा तुमचे नाव आधीच मॅनेजरच्या कानावर असले पाहिजे.

तिसरी गोष्ट हिशेबाची आहे आणि माझ्या मते बहुसंख्य मुले इथेच मागे पडतात. समजा, एका शिफ्टची विक्री ६०,००० रुपये झाली आणि ठरलेली मुदत उलटून गेल्यामुळे ९०० रुपयांचा माल टाकून द्यावा लागला, तर वाया गेलेला माल विक्रीच्या दीड टक्का झाला. त्याच शिफ्टमध्ये सर्वांचे मिळून ४० तास लागले असतील, तर माणशी तासाला १,५०० रुपयांची विक्री झाली. हे दोन आकडे शिफ्ट संपताना मॅनेजर पाहत असतो. तुम्ही ग्रिलवर उभे असताना दुपारी साडेतीननंतर किती पॅटी आधी भाजून ठेवायच्या, हा निर्णय तुमच्याच हातात असतो आणि पहिला आकडा त्यावरच हलतो. श्रावण सुरू झाला की मांसाहारी पदार्थांची मागणी उतरते, नवरात्रात पुन्हा तेच होते, आणि परीक्षा संपल्या की महाविद्यालयाजवळच्या शाखेत दुपारची गर्दी बदलते. असे काही तुमच्या लक्षात आले तर ते मालाची मागणी नोंदवणाऱ्या मॅनेजरला आधी सांगा. असे सांगणारा क्रू विरळा असतो आणि तो लक्षात राहतो.

यानंतर मॅनेजरकडे गर्दी नसलेल्या वेळी दहा मिनिटे मागा आणि दोनच गोष्टी विचारा : ट्रेनर होण्यासाठी माझ्यात काय कमी आहे, आणि ती उणीव भरून निघाली की नाही हे आपण कोणत्या तारखेला पाहू. मिळालेले उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवा. ठरलेल्या तारखेनंतरही केवळ टोलवाटोलवी होत असेल, तर तुमच्या कंपनीची नवी शाखा जवळपास कुठे उघडते आहे याची चौकशी करून तिथे बदली मागा. नव्या शाखेला उघडण्याच्या आधीपासूनच तयार माणसे लागतात आणि तिथे ट्रेनरच्या जागा एकदम निघतात. जुन्या, स्थिरावलेल्या शाखेत मात्र वरचा माणूस हलल्याखेरीज खालच्याला वाट मिळत नाही, मग तो कितीही लायक असो. त्या मुलीविषयी मनात अढी ठेवू नका. तिने काय वेगळे केले ते तिलाच विचारा.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी एका पिझ्झाच्या दुकानात काम करतो. आता त्याला शिफ्ट मॅनेजर करणार आहेत, म्हणून तो महाविद्यालय सोडण्याचे म्हणतो. नातेवाइकांना मुलगा काय करतो हे सांगताना आम्हाला अवघडल्यासारखे होते, हेही खरे आहे. त्याला कसे समजवावे? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी अवघडलेपणाबद्दल. तुमचा मुलगा विसाव्या वर्षी रोख रक्कम, माल, यंत्रे आणि आठ-दहा माणसे सांभाळण्यास योग्य ठरला आहे. ऑस्ट्रेलियातील चार्ली बेल हे १९७५ साली वयाच्या पंधराव्या वर्षी सिडनीतील मॅकडोनाल्ड्सच्या शाखेत अर्धवेळ कामाला लागले, एकोणिसाव्या वर्षी शाखेचे मॅनेजर झाले आणि २००४ मध्ये त्या जागतिक कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी बनले. प्रत्येकाचे असे होत नाही, हे उघड आहे. परंतु शाखेतून वर येण्याची वाट या धंद्यात खरोखर अस्तित्वात आहे आणि भारतातही या साखळ्या १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रुजल्यामुळे इथे आता अनेक स्तरांवर पदे आहेत. नातेवाइकांना हे ताठ मानेने सांगा.

पदवी मात्र सोडू देऊ नका. शिफ्ट मॅनेजर, असिस्टंट मॅनेजर आणि पुष्कळदा रेस्टॉरंट मॅनेजरपर्यंत कामाचा अनुभव पुरतो, पण त्यानंतर अनेक शाखांवर देखरेख करणारे पद किंवा मुख्यालयातील प्रशिक्षण, खरेदी, मनुष्यबळ अशा विभागांतील जागा निघतात तेव्हा अर्जातच पदवी विचारली जाते. तिशीत संसार आणि नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करणाऱ्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. नियमित महाविद्यालय शिफ्टच्या वेळांमुळे जमणारच नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. पूर्ण करता येते. आधी झालेल्या वर्षाचे काय करायचे, याची विचारणा मात्र त्याने पहिले महाविद्यालय सोडण्यापूर्वी लेखी करून घ्यावी. वाणिज्य शाखा त्याच्या कामाला पूरकच आहे, कारण शाखेचा नफा-तोटा वाचता येणारा मॅनेजर सहसा मागे राहत नाही.

प्रश्न : मी ठाण्यातील एका रेस्टॉरंटमध्ये क्लोजिंग, म्हणजे दुकान बंद करतानाची शिफ्ट, करते. अकरा वाजता आम्हाला पंच-आउट (काम संपल्याची नोंद) करायला सांगतात आणि त्यानंतर सव्वाबारापर्यंत फ्रायर, जमीन व भांडी यांची सफाई करून घेतात. त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत आणि घरी रिक्षाने स्वतःच्या खर्चाने जावे लागते. तक्रार केली तर शिफ्ट कमी करतील अशी भीती वाटते. – एक वाचक, ठाणे

उत्तर : हे चुकीचे आहे आणि यात तुम्ही कोणतीही तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सफाई हे कामच आहे. पंच-आउटनंतर करून घेतलेल्या सफाईचाही मोबदला द्यावाच लागतो, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या कामाला अतिकाळाचा दर दुप्पट असतो. महिलेला रात्री उशिरापर्यंत कामावर ठेवायचे असेल तर तिची संमती घेणे आणि तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करणे ही मालकाची जबाबदारी आहे.

आजपासून एका वहीत तारीख, पंच-आउटची वेळ आणि प्रत्यक्ष निघण्याची वेळ लिहीत जा. सोबतच्या मुलींनाही तसेच लिहायला सांगा. अनेकदा असा प्रकार वरिष्ठांना ठाऊक नसतो, कारण शिफ्टचे तास कमी दाखवून शाखेचा खर्चाचा आकडा चांगला दिसावा म्हणून तो शाखेतच सुरू होतो. म्हणून आधी रेस्टॉरंट मॅनेजरकडे आणि मग कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे ई-मेलने, शक्यतो तिघी-चौघींनी मिळून तक्रार करा. उपयोग झाला नाही तर ठाण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तीच वही घेऊन जा.

वेतनचिठ्ठीही एकदा नीट वाचा. भविष्य निर्वाह निधीत तुमचे १२ टक्के कापले जात असतील तर तितकाच वाटा मालकाचाही असतो आणि तुमचा यूएएन (भविष्य निर्वाह निधी खात्याचा) क्रमांक वापरून तो जमा होतो की नाही हे स्वतः पाहता येते. कर्मचारी राज्य विमा योजनेत तुमचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. फ्रायरवर हात भाजला तर याच विम्यातून उपचार आणि कामावर जाता न आलेल्या दिवसांची भरपाई मिळते. अर्धवेळ कर्मचारी असल्याने हे लागू होत नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : महिन्यापूर्वी मला शिफ्ट मॅनेजर करण्यात आले. ज्यांच्यासोबत मी कालपर्यंत डबा खात होतो, ते मित्र आता माझे ऐकत नाहीत. मोबाइल बाजूला ठेव म्हटले तरी हसतात. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हा टप्पा जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. मैत्री तोडण्याची गरज नाही, पण तुम्ही आता रोस्टर लावता, ब्रेक देता आणि कामे वाटता, त्यामुळे तुमची पहिली परीक्षा समान वागणुकीची आहे. रविवारची सुट्टी, क्लोजिंगच्या शिफ्ट आणि लॉबीतील टॉयलेटची सफाई या तीन गोष्टी मित्रांना आणि इतरांना सारख्याच वाट्याने येतात, हे रोस्टरवर दिसू द्या. तसे दिसले की बाकीचे क्रू तुमच्या बाजूने उभे राहतात आणि मित्रांचे हसणे आपोआप कमी होते.

सूचना शिफ्ट सुरू होण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत सर्वांना एकत्र द्या; एखाद्याला टोकायचे असेल तेव्हा मात्र काउंटरवर, ग्राहकांसमोर किंवा इतर मुलांसमोर टोकू नका, मागच्या खोलीत नेऊन एकट्याशी बोला. गर्दीत तुम्ही स्वतः एखाद्या स्टेशनवर अडकून पडू नका. जुन्या सवयीने हात ग्रिलकडे वळतात, पण तुम्ही ग्रिलवर उभे राहिलात की काउंटरवरची रांग कोणाच्याच नजरेत राहत नाही. मदत जरूर करा, दोन मिनिटांत अडचण सोडवा आणि पुन्हा सगळे दिसेल अशा जागी या.

प्रश्न : मी मूळची सांगलीची, सध्या ब्रॅम्प्टन, कॅनडा येथे शिकते आणि एका कॉफी-डोनटच्या दुकानात काम करते. मला सुपरवायझर होण्याविषयी विचारले आहे. पुढे येथे स्थायिक होण्यासाठी याचा उपयोग होईल का? – एक वाचक, कॅनडा

उत्तर : उपयोग होऊ शकतो, पण त्याची वेळ महत्त्वाची आहे. नोव्हेंबर २०२४ पासून सत्र चालू असताना विद्यार्थ्यांना महाविद्यालयाबाहेर आठवड्याला जास्तीत जास्त २४ तास काम करता येते. सुपरवायझर झाल्यावर जादा शिफ्टसाठी गळ घातली जाईल, तेव्हा ही मर्यादा ओलांडू नका, कारण त्याने व्हिसाच धोक्यात येतो. कॅनडाच्या व्यवसाय वर्गीकरणात काउंटरवरील कर्मचारी सर्वांत खालच्या गटात, तर अन्नसेवा सुपरवायझर कुशल कामाच्या गटात मोडतो. मात्र ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास’ या मार्गाने अर्ज करताना पूर्णवेळ विद्यार्थी असतानाचा अनुभव मोजला जात नाही. म्हणून हे पद आता शिकण्यासाठी स्वीकारा आणि पदवीनंतरच्या वर्क परमिटवर तेच पद पूर्णवेळ मिळेल का, याची बोलणी मालकाशी आतापासून सुरू करा. ते मिळाले तर पद, आठवड्याचे तास, वेतन आणि प्रत्यक्ष कर्तव्ये लिहिलेले पत्र कंपनीच्या लेटरहेडवर मागून घ्या आणि वेतनाच्या सर्व पावत्या त्यासोबत जपून ठेवा.